'सेंताई'ला मराठीत काय म्हणावे?

दुसऱ्या महायुद्धातील ब्रह्मदेशाच्या आघाडीवरील हवाई युद्धाविषयी मराठीत लिहिणाऱ्या एका वाचकाची अडचण अशी आहे की, जपानी भूदलाच्या हवाई दलातील '६४वी सेंताई' हिचा उल्लेख इंग्रजी पुस्तकांत कुठे स्क्वॉड्रन, कुठे ग्रुप, तर कुठे रेजिमेंट असा होतो. मग मराठीत यांपैकी कोणता शब्द घ्यावा, की सरळ 'तुकडी' म्हणून मोकळे व्हावे? माझ्या मते यांपैकी एकही घेऊ नये. 'सेंताई' हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखाच्या वेळी तिचा आकार एका वाक्यात सांगून टाकावा.

'सेन' म्हणजे लढाई आणि 'ताई' म्हणजे दल, एवढा शब्दार्थ आपल्याला फारसा उपयोगी पडत नाही, कारण लष्करी शब्दाचा अर्थ उतरंडीतल्या त्याच्या जागेवरून ठरतो. जपानी भूदलाच्या हवाई दलात सर्वांत खाली तीन, आणि पुढे चार, विमानांची शोताई असे. अशा काही शोताईंची मिळून चूताई होई. लढाऊ विमानांच्या सेंताईत साधारणपणे तीन चूताई असत, म्हणजे ती पूर्ण भरलेली असेल तर तिच्याकडे चाळिसेक विमाने असत. अनेक सेंताई मिळून हिकोदान आणि त्यांच्यावर हिकोशिदान अशी ही रचना होती. स्क्वॉड्रनशी ढोबळ मानाने जुळते ती चूताई, सेंताई नव्हे.

'रेजिमेंट' कुठून आले, हे पाहण्यासारखे आहे. १९३८पूर्वी या दलात 'हिको रेन्ताई' होत्या आणि पायदळाच्या रेजिमेंटलाही जपानीत रेन्ताईच म्हणतात. त्या वर्षीच्या पुनर्रचनेत उड्डाण करणारे दल आणि विमानतळ सांभाळणारे दल वेगळे केले गेले. उडणारा भाग सेंताई झाला, तर धावपट्ट्या, साठे आणि पहारा हे काम विमानतळ-बटालियनकडे गेले. जमिनीवरचा हा पसारा मागे ठेवता आल्यामुळेच सेंताईला झटपट तळ बदलता येऊ लागला. अशा दलाला पुन्हा 'रेजिमेंट' म्हणणे म्हणजे नेमका जो बदल झाला तोच पुसून टाकणे होय.

६४वी सेंताई ऑगस्ट १९३८मध्ये चीनमध्ये उभी राहिली. १९४१मध्ये तातेओ कातो तिचे प्रमुख झाले आणि त्याच वर्षी तिला 'हायाबुसा' (बहिरी ससाणा) ही नवी विमाने मिळाली. आपल्याकडे हे नाव मोटारसायकलमुळे अधिक ओळखीचे आहे. डिसेंबरच्या सुरुवातीस ती दक्षिण चीनमधील ग्वांगझूहून आजच्या व्हिएतनाममधील फू क्वोक बेटावर आली, ७ तारखेला तिने मलायाकडे निघालेल्या जहाजांच्या ताफ्यावर पहारा दिला, आणि परतताना अंधार व खराब हवामान यांत तिचे तीन वैमानिक गमावले. नाताळच्या दिवशी ती रंगूनवर होती. तिथे तिच्यासमोर अमेरिकन स्वयंसेवकांच्या 'ग्रुप'मधील तिसरी स्क्वॉड्रन आणि ब्रिटिशांची ६७वी स्क्वॉड्रन होती. आता ६४वीलाही 'स्क्वॉड्रन' म्हटले, तर तिन्ही दले एका मापाची वाटतील. अमेरिकनांच्या त्या ग्रुपमध्ये एकूण तीन स्क्वॉड्रन होत्या, म्हणजे सेंताईची तुलना करायचीच तर त्या अख्ख्या ग्रुपशी करावी लागेल. मात्र ब्रिटिश हवाई दलात 'ग्रुप' हा शब्द याहून कितीतरी मोठ्या दलासाठी वापरला जात असल्याने तोही शब्द बेभरवशाचा ठरतो.

२२ मे १९४२ रोजी ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरील अक्याबजवळ बंगालच्या उपसागरावर कातो मारले गेले. ब्रिटिशांच्या ६०व्या स्क्वॉड्रनच्या एकट्या ब्लेनहाइम बॉम्बफेकी विमानाचा पाठलाग करताना त्या विमानातील तोफचीने त्यांना टिपले. मरणोत्तर त्यांना दोन पायऱ्यांची बढती मिळून ते मेजर जनरल झाले. 'तुकडीचा प्रमुख पडला' असे लिहिले, तर अख्ख्या सेंताईचा अधिपती मोजक्या विमानांसह स्वतः झेपावला होता, ही त्या प्रसंगातील मुख्य गोष्टच वाचकाला कळत नाही.

'पथक' हा शब्द सुटसुटीत आहे खरा, पण तो दहाला आणि शंभरालाही चालतो. शिवाय 'भरारी पथक' म्हटले की मराठी वाचकाला दहावीच्या परीक्षेतील कॉपी पकडणारे लोकच आठवणार.

आणखी एक सावधगिरी घ्यावी. जपानी नौदलातही 'सेंताई' होती, पण ती मुख्यतः युद्धनौकांची. नौदलाच्या विमानदलाला 'कोकूताई' म्हणत. ५ डिसेंबर १९४३ रोजी कलकत्त्याच्या गोदीवर भूदल आणि नौदल या दोघांच्याही विमानांनी हल्ला केला, त्यात ६४वी सेंताईही होती. अशा ठिकाणी सरसकट 'स्क्वॉड्रन' लिहिल्यास कोण कोणाचे, हे कळणे अशक्य होते.

राहिला लेखनाचा प्रश्न. जपानी उच्चार दंत्य 'त'कडे झुकणारा आहे, त्यामुळे इंग्रजीच्या वाटेने आलेला 'सेंटाई' टाळावा. लिंग स्त्रीलिंगी ठेवावे: ती सेंताई, सेंताईची विमाने, सेंताईने केलेला हल्ला. अनेकवचनी सामान्यरूप 'सेंताईंचे' असे होईल. 'ताई'चे 'ताईंचे' होते तसेच, आणि इथे वाचकाला क्षणभर हसू आले तरी त्याला इलाज नाही.