पटावरचे प्रश्न : बी३ ठेवू की सोडू?

प्रश्न : सर, मी पन्नाशीचा, नोकरी सांभाळून खेळतो. मागच्या रविवारी इथेच पुण्यात बुद्धिबळाच्या एका रेटेड रॅपिड (कमी वेळेच्या, मानांकन मोजणाऱ्या) स्पर्धेत समोर दहा-अकरा वर्षांचं पोरगं आलं, चाल करायचं नि दुसऱ्या टेबलांवरचे डाव बघत हिंडायचं. या पोरांना ई४ ची (राजापुढचं प्यादं दोन घरं ढकलून केलेल्या सुरुवातीची) थिअरी, म्हणजे पुढच्या ठरलेल्या चाली, तोंडपाठ असते म्हणून मी मुद्दाम बी३ खेळलो, म्हणजे पहिल्या चालीला बी पट्टीतलं प्यादं एक घर पुढे. त्याने ई५, मी उंट बी२, त्याने घोडा सी६, मी सी४, त्याने घोडा एफ६, मी घोडा एफ३ आणि पठ्ठ्याने प्यादं दिलं ना ई४ वर ढकलून! तिथून जे हाल सुरू झाले ते वीसेक चालींत खेळ खल्लास. ग्रुपवर सगळे म्हणतायत फ्लँक ओपनिंगचं (मधली सोडून कडेच्या प्याद्यांनी सुरुवात करायचं) खूळ सोडा, ई४ शिका. काय करू?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : अहो, तुमच्या पंगतीला थेट डेन्मार्कचा ग्रँडमास्टर बेंट लार्सन आहे! १९७० साली बेलग्रेडला सोव्हिएत संघ विरुद्ध उर्वरित जग अशी मॅच झाली, त्यात पहिल्या बोर्डावर तेव्हाचा वर्ल्ड चॅम्पियन स्पास्की समोर असताना लार्सन याच चाली खेळला. ई४ आल्यावर त्याचा घोडा डी४ ला गेला, तिथून त्याने सी६ चा घोडा मारला, स्पास्कीने डी च्या प्याद्याने परत मारलं आणि काळ्याचा वजीर, उंट, हत्ती सगळ्यांना रस्ते मोकळे. चौदाव्या चालीला तर स्पास्कीने हत्ती चक्क एच१ वर नेऊन फुकट दिला, का तर आपलं जी३ चं प्यादं पुढे सरकावं म्हणून. १७ चालींत लार्सनने डाव सोडला. (त्याच मॅचच्या तिसऱ्या डावात लार्सनने स्पास्कीला हरवलं, ते मात्र कुणी सांगत नाही.)

तेव्हा बी३ ला शिव्या घालू नका, घोड्याची घाई नडली. एफ३ वरचा घोडा ई५ च्या प्याद्याला आयतं आमंत्रण देतो. आधी ई३ खेळा, मग घोडा हाकलला तरी डी४ वर त्याला खाली प्याद्याचा आधार मिळतो. आणि माझं ऐकाल तर सी४ पण लगेच नको, त्याने तुमच्याच पांढऱ्या घरांवरच्या उंटाची वाट अडते. ती मोकळी ठेवली की उंट बी५ ला जातो, सी६ च्या घोड्याला धरतो, आणि ई५ ची राखण तोच घोडा करत असतो, म्हणजे ई५ वर डोळा ठेवलेल्या बी२ च्या उंटाला काहीतरी काम मिळतं.

राहिलं ई४. जरूर शिका, पण मग सिसिलियन, फ्रेंच, कारो-कान, पेट्रॉफ या काळ्याच्या सगळ्या बचावांची तयारी आली, ती ऑफिसातून आल्यावर कधी करणार तेही त्या ग्रुपवर विचारून घ्या.