पोरगं एका गोष्टीवर टिकतच नाही, आणि बॅगेत सापडलेली ती बाटली

मी समुपदेशक आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या आईवडिलांचा एक ठरलेला प्रश्न असतो, शब्द थोडे इकडेतिकडे पण मुद्दा तोच, की मॅडम आमचं पोरगं आज हे करतं उद्या ते करतं, कशालाच चिकटून राहत नाही, याचं पुढे होणार काय? कॉमर्सवाल्यांचे येतात, इंजिनिअरिंगवाल्यांचे येतात, पण आर्ट आणि डिझाइन शिकणाऱ्यांच्या घरून सगळ्यात जास्त येतात. म्हणून ही एक केस सांगते. घरच्यांना विचारूनच लिहितेय आणि ओळख पटू नये म्हणून काही गोष्टी बदलल्यात.

मे महिना होता. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडच्या पट्ट्यात तेव्हा ऊन 45 च्या वर असतं आणि गावंच्या गावं पहाटे तेंदूपत्त्याला गेलेली असतात. अशा दिवसांत भर दुपारी एक बाई नवऱ्याला घेऊन आली, पदरात काहीतरी गुंडाळलेलं. बसायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, पोट्ट्याच्या बॅगेत सायनाइड सापडलं जी."

पदरातून बाटली काढली. आत लालभडक खडे. लेबल इंग्रजीत होतं, शेजारची बारावी सायन्सची पोरगी ते वाचून घाबरली आणि हिला सांगितलं. मी वाचलं, पोटॅशियम फेरिसायनाइड. आता आपल्या विदर्भात घरात बाटली सापडणं म्हणजे काय हे मी कोणाला सांगायला नको. त्या माऊलीनं दोन रात्री झोप घेतली नव्हती आणि पोराला एक शब्द विचारला नव्हता, विचारलं तर तो काही करून बसेल या भीतीनं.

पोरगा वीस वर्षांचा, नागपूरला ग्राफिक डिझाइन शिकतो, दुसरं वर्ष, सुट्टीत घरी आलेला. त्याला संध्याकाळी बोलावलं, आईबापांना बाहेर बसवलं आणि सरळ विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का तुला? खूप लोकांना वाटतं की असं विचारलं तर नसलेलं डोक्यात घातल्यासारखं होतं, तसं होत नाही, विचारल्यानं उलट माणूस मोकळा होतो. (तुमच्या घरात अशी शंका आली तर कोणाची वाट बघू नका, टेलि-मानसचा 14416 हा सरकारी नंबर आहे, चोवीस तास, फुकट, मराठीत बोलता येतं.) तो आधी गोंधळला, मग बाटली बघून त्याच्या डोळ्यात पाणीच आलं. म्हणाला नाही मॅडम, ते प्रिंटचं आहे, सायनोटाइपचं. मग रात्री कधी कधी जड वाटतं हेही बोलला, ते मी लिहून ठेवलं, त्यावर नंतर येते.

सायनोटाइप म्हणजे उन्हात काढायचा फोटो. जॉन हर्शेल नावाच्या इंग्लंडच्या शास्त्रज्ञानं 1842 मध्ये शोधलेली पद्धत, जुने इंजिनिअर लोक ब्लूप्रिंट म्हणायचे ती ह्यातूनच आली. दोन केमिकल असतात, एक हे लाल खडे आणि दुसरं फेरिक अमोनियम सायट्रेट, दोन्ही पाण्यात विरघळवून अंधाऱ्या खोलीत कागदाला लावायचं, वाळवायचं, वर पान नाहीतर फिल्म ठेवून उन्हात धरायचं आणि साध्या पाण्यानं धुवायचं. ऊन लागलेला भाग गडद निळा होतो, झाकलेला पांढरा राहतो. आपल्याकडच्या मे मधल्या उन्हात पाच-दहा मिनिटांत काम होतं. पोरानं आईनंच तोडून आणलेली तेंदूची पानं आणि पळसाची पानं ठेवून प्रिंट काढले होते, आणि ते गादीखाली लपवले होते कारण बाबा बघून म्हणतील, हे आता काय नवीन.

आईला मी समजावलं की नावात सायनाइड आहे पण हे आपण ज्याला घाबरतो ते विष नाही, तरी लेकरांच्या हातात द्यायचं नाही, तापवायचं नाही आणि ॲसिडजवळ तर अजिबात न्यायचं नाही कारण तेव्हा त्यातून खरंच विषारी वायू निघू शकतो. ती जी रडली. बापानं मात्र खरा प्रश्न आता काढला. "बाटलीचं समजलं जी, पण हा एक धंदा कामून धरून नाही राह्यला? आधी कंम्प्युटर, मंग रबर कापत होता का काय, मंग लग्नपत्रिकेवाल्याकडे जाऊन बसला, मंग माती, आता हे. धान विकून फी भरली आहे मॅडम."

हा माणूस चुकीचं बोलत नव्हता. मला त्या समुपदेशकांचा राग येतो जे आईवडिलांना गप्प बसवतात की मुलाची आवड आहे ना मग करू द्या. फी भरणाऱ्याला विचारायचा हक्क आहे. फक्त "टिकत नाही" हे आपण कशावरून ठरवतो ते बघायला पाहिजे, म्हणून मी पोराला सांगितलं की पुढच्या वेळी सगळं काम घेऊन ये, फसलेलं, फाटलेलं, अर्धवट, सगळं.

तो पोतं भरून घेऊन आला. खाली सतरंजी टाकली आणि म्हटलं मांड, पण चांगलं-वाईट असं नाही, तारखेनंही नाही, कशातून काय निघालं तसं मांड. आईबाप बाजूला बसलेले. पहिली पंधरा मिनिटं तो नुसता कागद इकडचे तिकडे करत होता, मग एकदम बोलायला लागला.

कॉलेजमध्ये पोस्टर करायचं होतं, कोरलड्रॉ या कंप्युटरच्या सॉफ्टवेअरमध्ये मराठी अक्षर टाकलं तर त्याला ते मेल्यासारखं वाटलं. लहानपणी मंडईत, म्हणजे दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी भरणाऱ्या जत्रेत, बघितलेल्या नाटकाच्या बोर्डवर पेंटरचा हात दिसायचा, तो इथे दिसेना. म्हणून लिनोकट, म्हणजे लिनोलियमच्या रबरासारख्या शीटवर अक्षर उलटं कोरायचं आणि शाई लावून छापायचं. त्यात त्याचा "ळ" दरवेळी मधल्या बारीक गळ्यापाशी तुटायचा. मग लिनो सोडून कागद कापून स्टेन्सिल केलं, तर "ळ" ची दोन्ही पोटंच गळून पडायची, ती धरून ठेवायला पट्टी ठेवावी लागायची आणि अक्षर घाण दिसायचं. कोणीतरी सांगितलं की स्क्रीन प्रिंटिंगमध्ये जाळी असते, ती मधले तुकडे धरून ठेवते, म्हणून तालुक्याला लग्नपत्रिका छापणाऱ्याकडे महिनाभर दर रविवारी जाऊन बसला. तिथे बघितलं की जाळीवर जे इमल्शन, म्हणजे लेप, लावतात ते उजेडानं कडक होतं आणि काळ्या चित्राखालचं मऊ राहून पाण्यानं निघून जातं. तिथून डोक्यात उजेड बसला, की उजेडच चित्र काढतो तर मग शाई कशाला, आणि तिथून सायनोटाइप.

हे सगळं त्यानं एका दमात सांगितलं आणि स्वतःच गप्प झाला, कारण एवढी सरळ ओळ आहे हे त्यालाही आतापर्यंत दिसलं नव्हतं.

बाप बराच वेळ त्या तुटलेल्या "ळ" कडे बघत होता. मग म्हणाला, "नांदेडचे दादाजी असेच करत होते." नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे, ज्यांनी एचएमटी हे धानाचं वाण दिलं. 1983 साली पटेल 3 या धानाच्या बांधीत, म्हणजे शेतात, काही वेगळ्या लोंब्या दिसल्या, त्या त्यांनी बाजूला काढल्या, पेरल्या, परत निवडल्या, परत पेरल्या, असं वर्षानुवर्षे, आणि मग त्यातून पुढे आणखी वाणं काढली. जमीन किती, दीडेक एकर. हे उदाहरण मी दिलेलं नाही, त्या शेतकऱ्यानं दिलं, आणि माझ्या दहा सेशनचं काम तिथे झालं असं मला मनापासून वाटतं.

पण इथे थांबले असते तर मी अर्धंच काम केलं असतं. सतरंजीवर दोन गोष्टी कोपऱ्यात पडल्या होत्या ज्या कशालाच जोडलेल्या नव्हत्या. एक भद्रावतीला मातीकाम बघून आल्यावर केलेलं मडकं, ते नुसतं हौसेचं होतं, ठीक आहे. दुसरं ॲनिमेशन, आठ कागद आणि बंद. त्यावर विचारलं तर मान खाली. सेकंदाला साधारण 12 चित्रं लागतात, त्याचा जुना लॅपटॉप अडकायचा, वर्गातली पोरं टॅबवर करून दाखवायची, एकदा सगळ्यांसमोर त्याचं मध्येच बंद पडलं आणि पोरं हसली. त्यानंतर दोन सबमिशन दिलीच नाहीत. रात्री जड वाटतं ते हे होतं.

आता हा फरक फार महत्त्वाचा आहे. एक सोडून दुसरं धरताना पोरगं मागच्यातलं काही सोबत नेतंय का, ते विचारा. "लिनोत काय जमलं नाही म्हणून इकडे आलास?" याला उत्तर देता आलं तर ते भरकटणं नाही. उत्तर न देता चेहरा पडला, विषय बदलला, तर तिथे कंटाळा नसतो बहुतेक वेळा, लाज असते, आणि लाजेला "एक काहीतरी धर" म्हणून उपयोग नाही.

आम्ही ठरवलं ते साधंच होतं. सबमिशन आधी, प्रयोग नंतर. सामानाला महिन्याची रक्कम बापलेकांनी बसून ठरवायची, लपवालपवी नाही. प्रत्येक प्रिंटच्या मागे तारीख आणि काय फसलं ते दोन ओळीत लिहायचं. आणि ॲनिमेशन पूर्ण करायचं, पण लॅपटॉप न वापरता. मोबाइल खाटेच्या पाट्याला बांधून खाली सूप ठेवलं, त्यात तांदळाचे दाणे, आणि दाणे थोडे थोडे सरकवत एक "ळ" तयार होतो. दहा सेकंदांसाठी 120 फोटो. आई पण बसली होती दाणे सरकवायला, तीन दुपारी गेल्या, मधेच कोंबडीनं एकदा पंधरावीस फोटोंची वाट लावली.

जुलैत रोवणीच्या आधी ते परत आले होते, पोरगा कॉलेजला निघाला होता. रात्रीचं जड वाटणं कमी आहे, गेलेलं नाही, आम्ही फोनवर बोलतो. आई सांगत होती की बाटल्या आता घरात वर फळीवर असतात आणि त्यानं त्याच्यावर मराठीत चिठ्ठी चिकटवली होती, "फोटोचं औषध". तिनं ती काढायला लावली. आमच्याकडे औषध म्हणजे फवारणीचं. "औषध नको लिहू बाबू," ती म्हणाली, "निळा रंग लिही." तो म्हणाला अगं पण खडे तर लाल आहेत. तरी तिनं निळा रंगच लिहून घेतलं.