पुढचे पत्र कन्येने लिहावे

सप्रेम नमस्कार.

बारावीला कला शाखेत ९१ टक्के गुण मिळवलेल्या आपल्या कन्येला प्राचीन ग्रीसच्या इतिहासात संशोधन करून प्राध्यापक व्हायचे आहे. आपली अट अशी की पाच वर्षे तिने यूपीएससीचीच तयारी करावी, ‘हा नाद’ नंतर पाहता येईल. आपल्या पत्रात ‘आम्ही ठरवले आहे’ हे शब्द चारदा आले आहेत आणि तिचे स्वतःचे म्हणणे एका ओळीतही नाही. तिची समजूत काढण्याचे काम आपण माझ्याकडे सोपवता. ते मी करणार नाही.

मला काळजी गुणांची नाही, त्या पाच वर्षांची आहे. या विषयात भाषा हेच भांडवल असते. प्राचीन ग्रीक इतिहासकार थ्युसिडिडीझ केवळ भाषांतरातून वाचणाऱ्याला कोणी अभ्यासक मानत नाही. ग्रीक आणि लॅटिन तर हवीच, शिवाय आधुनिक संशोधन वाचण्यापुरती जर्मन आणि फ्रेंचही. ही बैठक जमवण्याची वर्षे आपण चालू घडामोडींच्या टिपणांना देऊ पाहता. शाळेत ग्रीक शिकली नाही म्हणून मात्र काही अडत नाही. ऑक्सफर्डमध्येही अशा विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र मार्ग आहे.

‘दोन हजार वर्षांपूर्वीचे सगळे लिहून झाले, आता संशोधन कशाचे?’ असे आपण विचारता. अथेन्सच्या राज्यघटनेवरचा, ॲरिस्टॉटलच्या नावाने ओळखला जाणारा ग्रंथ शतकानुशतके हरवलेला होता. इजिप्तमधल्या एका शेताचा जमाखर्च लिहून झालेल्या पपायरसच्या, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या प्राचीन कागदाच्या, कोऱ्या पाठीवर कोणीतरी तो उतरवून घेतला होता, म्हणून तो १८९१ मध्ये छापला जाऊ शकला. इजिप्तमधल्याच ऑक्सिरिंकस या प्राचीन शहराच्या उकिरड्यांतून १८९६-९७ पासून निघालेल्या पपायरसच्या तुकड्यांचे ऐंशीहून अधिक खंड निघाले, तरी वाचन संपलेले नाही.

कन्येचे संस्कृत चांगले आहे, हे आपण जाता जाता लिहिले आहे. मला तेच महत्त्वाचे वाटते. भारताच्या वायव्येस राज्य केलेल्या ग्रीक राजांपैकी मिनांडरच्या चांदीच्या नाण्यावर एका बाजूला ग्रीक अक्षरांत ‘बासिलेओस सोतेरोस मेनांद्रू’ आणि दुसऱ्या बाजूला खरोष्ठी या प्राचीन भारतीय लिपीत ‘महरजस त्रतरस मेनंद्रस’ असते; दोन्हींचा अर्थ एकच, ‘तारणहार राजा मिनांडरचे’. नुसते ग्रीक येणारा अभ्यासक अशा नाण्याची एकच बाजू वाचतो. ब्रिटिश इतिहासकार टार्न यांनी १९३८ मध्ये भारतातल्या या ग्रीक राजांना ग्रीक जगाच्या इतिहासात बसवले. काशी हिंदू विश्वविद्यालयाच्या अवधकिशोर नारायण यांनी १९५७ मध्ये त्यांना भारताच्या इतिहासात आणून ठेवले आणि पुढे ते अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात प्राध्यापक झाले. अथेन्सपेक्षा या वाटेचा विचार तिने आधी करावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्राध्यापकपदाची पात्रता आणि संशोधनवृत्ती देणाऱ्या नेट-जेआरएफ परीक्षेची वाट आपल्याला ठाऊक आहेच. नोकऱ्या थोड्या आहेत, युरोपातही. त्यामुळे शिष्यवृत्तीशिवाय परदेशी पीएचडीला जाऊ नये आणि त्यासाठी घर तर मुळीच गहाण टाकू नये. तूर्त पदवीला इतिहास आणि संस्कृत घेऊन जर्मनचा वर्ग लावावा आणि ग्रीक वर्णमालेपासून सुरुवात करावी. सहा महिन्यांनी ग्रीक इतिहासकार हेरोडोटसच्या पहिल्या वाक्याचे तिने स्वतः केलेले मराठी भाषांतर मला पाठवावे, तिच्याच अक्षरात.