युद्धाच्या काळातल्या मुलांच्या मैत्रीवरचा कोणता चित्रपट 10 वर्षांच्या मुलीला दाखवावा? 'द बॉय इन द स्ट्राइप्ड पायजमाज' कसा आहे?

तो नका दाखवू. जो तो 2008 चा हाच चित्रपट सुचवतो, म्हणूनच लिहायला बसले.

आमच्या घरात यावरून जुना वाद आहे. उन्हाळ्याच्या सुट्टीत सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना सिनेमे दाखवायचं ठरलं, तेव्हा माझ्या दिरांनी हाच निवडला. नाझींच्या छळछावणीच्या जर्मन कमांडंटचा मुलगा ब्रुनो आणि तारेच्या कुंपणापलीकडचा ज्यू मुलगा श्मूल यांची मैत्री. शेवटी ब्रुनो कुंपणाखाली खणून आत जातो आणि दोघंही गॅस चेंबरमध्ये मरतात. दिवे लागले तेव्हा अर्धा हॉल मुसमुसत होता. दीर एकदम खूश. "बघा वहिनी, पुस्तक वाचून रडली असती का ही मुलं?"

त्यांचाच मुलगा, तेव्हा पाचवीत, डोळे पुसत मला म्हणाला, "काकू, ब्रुनोला खणून आत जाता आलं, तर श्मूल त्याच खड्ड्यातून बाहेर का नाही आला?"

"सिनेमा आहे तो, उगाच कीस काढू नकोस," म्हणून दिरांनी त्याला गप्प केलं. मला त्याचा अजून राग आहे. त्या दिवशी हॉलमध्ये शहाणा प्रश्न विचारला तो एवढ्या एका पोराने. आउशवित्झ या नाझींच्या खऱ्या मृत्युछावणीच्या कुंपणात वीज खेळवलेली असे, मनोऱ्यांवर पहारा असे, आणि श्मूलच्या वयाची बहुतेक ज्यू मुलं गाडीतून उतरल्या उतरल्याच गॅस चेंबरकडे पाठवली जात. कुंपणाशी बसून गप्पा मारायला ती जिवंतच राहत नसत. हा चित्रपट ज्या कादंबरीवर आहे, ती हा इतिहास शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांनी टाळावी, असं आउशवित्झच्या स्मारक संग्रहालयानेच 2020 मध्ये जाहीरपणे सांगितलं. शिवाय मुलं रडली कुणासाठी, हेही विचारून बघा. ब्रुनोसाठी! श्मूलची अख्खी छावणी मरते आहे, आणि डोळ्यांत पाणी येतं ते चुकून आत गेलेल्या कमांडंटच्या मुलासाठी. हे मी तेव्हा बोलले, तर "तुम्हा शिक्षकांना सगळीकडे चुकाच दिसतात" एवढंच ऐकून घ्यावं लागलं.

खरी मैत्री बघायची तर लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाचा 1987 चा 'ओ रव्हार लेझाँफाँ' बघा. हे त्याच्या स्वतःच्या शाळेत घडलेलं आहे. जानेवारी 1944, फ्रान्स जर्मनांच्या ताब्यात, फाँतेनब्लोजवळची पाद्र्यांची निवासी शाळा. मुख्याध्यापक पाद्री काही ज्यू मुलांना खोट्या नावांनी लपवतात, त्यातला एक बॉने. चित्रपटाचा नायक, त्याच शाळेतला ज्यूलियाँ, याचं त्याच्याशी आधी मुळीच पटत नाही. नवा मुलगा हुशार, पियानो आपल्यापेक्षा चांगला वाजवतो, म्हणून जळतो तो. मग दोघं जंगलात वाट चुकतात, रात्री टॉर्चच्या उजेडात गोष्टी वाचतात, बाकीचे हवाई हल्ल्याच्या भीतीने तळघरात असताना एका पियानोवर चार हातांनी दंगा करतात. मैत्री अशीच होते, भांडून, हेवा करून.

आणि चुगली कोण करतो? स्वयंपाकघरातला लंगडा पोऱ्या, जोसेफ. खाण्यापिण्याच्या काळ्या बाजारात शाळेतली मुलंही सामील असतात, पण हाकलला जातो तो एकटा, आणि तो सरळ जर्मनांकडे जातो. गेस्टापोचा, म्हणजे नाझी गुप्त पोलिसांचा, माणूस वर्गात येतो, पाठ वळवतो, तेवढ्यात ज्यूलियाँची नजर नकळत बॉनेकडे जाते. तो माणूस नेमका त्याच क्षणी वळतो. एका नजरेने सगळं संपतं. खऱ्या शाळेतून पकडलेली तिन्ही मुलं आउशवित्झमध्ये मारली गेली. मुख्याध्यापक माउटहाउझेनच्या छावणीतून सुटले, पण काही आठवड्यांतच गेले.

याबद्दल मुलांनी काहीही विचारू दे, खरं उत्तर देता येतं. भाऊजी, तुम्ही हे वाचत असाल तर सांगते, पोराला गप्प करायची वेळच येत नाही.

आजच्या काळातलं हवं असेल तर 2001 चा 'प्रॉमिसेस' हा माहितीपट आहे. जेरुसलेमची इस्रायली जुळी भावंडं बेथलेहेमजवळच्या देहेशा निर्वासित छावणीत जाऊन पॅलेस्टिनी मुलांबरोबर एक दिवस खेळतात, जेवतात. त्याच संध्याकाळी फराज नावाचा मुलगा रडतो, कारण चित्रपटवाले निघून गेले की ही मैत्री टिकणार नाही, हे त्याला तेव्हाच कळतं.

10 वर्षांच्या मुलीला मात्र मी 'प्रॉमिसेस'च आधी दाखवेन, तोही शेजारी बसून, थांबवत थांबवत. मालचा चित्रपट बारा-तेराच्या पुढे. त्यात वाढत्या वयाच्या मुलांची थोडी चावट बोलणी आहेत, आणि तो फ्रेंचमध्ये आहे, त्यामुळे सबटायटल्स भराभर वाचता यायला हवीत.