गाठ साधी की कॅन्सरची, हे रेडिओ लहरींवरून कळतं का?

प्रश्न : माझं वय ४६. गाठ हाताला लागली म्हणून मॅमोग्राफी, सोनोग्राफी केली, रिपोर्टमध्ये बायरॅड्स ४ (गाठ किती संशयास्पद आहे याचा दर्जा) लिहिलंय आणि डॉक्टर बायोप्सी, म्हणजे सुईने गाठीचा तुकडा काढून तपासणी, करा म्हणतायत. मला सुईची फार भीती वाटते, त्यात शेजारच्या म्हणाल्या सुई लागली की गाठ चवताळते. भाच्याने मोबाईलवर वाचून दाखवलं की आता नुसत्या रेडिओ लहरी सोडून गाठ कशी आहे ते ओळखतात. मग थोडं थांबून तीच तपासणी करू का?

उत्तर : ताई, थांबू नका. आधी बायोप्सीची तारीख घेऊन टाका आणि मग पुढचं वाचा.

भाच्याने वाचलं ते खोटं नाहीये. चरबीत पाणी कमी असतं आणि कॅन्सरच्या गाठीत जास्त, त्यामुळे लहर गाठीवर आपटून परत येते. ब्रिटनमध्ये ब्रिस्टल युनिव्हर्सिटीत यासाठी मारिया नावाचं मशीन बनवलंय, बाई पालथी झोपते, स्तन एका वाटीसारख्या भांड्यात येतो, वाटीला सगळीकडून छोट्या छोट्या अँटेना, एक लहर सोडते आणि बाकीच्या ऐकतात, मग पुढची सोडते. मॅमोग्राफीसारखं दाबणं नाही, क्ष-किरण नाहीत.

साधी की वाईट हे मुख्यतः आकारावरून ओळखायचा प्रयत्न असतो. साधी गाठ बहुतेक वेळा गुळगुळीत, गोल नाहीतर लांबट असते आणि कॅन्सरची खडबडीत, कडेने काटे फुटल्यासारखी, त्यामुळे परत येणारा सिग्नल एकीचा नीटस तर दुसरीचा विस्कटलेला, आणि हा फरक पकडायला कॉम्प्युटरला शिकवतात. मला स्वतःला ही कल्पना फार आवडते, खरंच.

पण अडचणी आहेत. सगळ्यात मोठा सिग्नल परत येतो तो गाठीचा नाही, कातडीचा! तो नीट वजा केला नाही तर गाठीचा बारीकसा सिग्नल त्यातच बुडून जातो. दुसरं म्हणजे २००७ मध्ये अमेरिका-कॅनडातल्या संशोधकांनी ऑपरेशनमध्ये काढलेल्या तुकड्यांचे विद्युत गुणधर्म मोजले, तेव्हा चरबी आणि कॅन्सर यांच्यात १० पटीपर्यंत फरक निघाला, पण दूध तयार करणाऱ्या ग्रंथींचा भाग आणि कॅन्सर यांच्यात जेमतेम १० टक्के. म्हणजे ज्यांचे स्तन दाट असतात, ज्यांना मॅमोग्राफीत नीट दिसत नाही, नेमकं त्यांच्याच बाबतीत हेही अडखळतं. शिवाय फायब्रोअॅडिनोमा ही साधी गाठ, पण तिच्यातही पाणी भरपूर, म्हणून तीही कॅन्सरसारखी वाटू शकते. आणि आकारावरून ओळखण्याचा बराचसा सराव कॉम्प्युटरवर बनवलेल्या गाठींवर झालाय. मॅमोग्राफीत दिसणारे चुन्याचे बारीक कण तर या लहरींना दिसतच नाहीत, कारण लहरच सेंटिमीटरच्या मापाची.

म्हणून आज तरी गाठ साधी आहे हे छातीठोकपणे सांगायला तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली बघावाच लागतो. जागा बधिर करतात, टक् असा आवाज येतो, धाग्याएवढे बारीक तुकडे निघतात, बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात. सुईने गाठ चवताळते हे मनातून काढून टाका, नुकसान होतं ते निदान लांबलं की. आणि बायरॅड्स ४ म्हणजे कॅन्सर झालाच असं नाही, त्यात शक्यता २ टक्क्यांपासून ९५ टक्क्यांपर्यंत कुठेही असू शकते, म्हणून डॉक्टरांना विचारा ४ए, ४बी की ४सी. ४ए असेल तर शक्यता २ ते १० टक्केच. तरी बायोप्सी करायचीच हं.

प्रश्न : रेडिओ लहरी शरीरात सोडल्या तर त्यानेच कॅन्सर होणार नाही का?

उत्तर : नाही. क्ष-किरणांसारखी डीएनए तोडायची ताकद या लहरींमध्ये नसते, आणि या मशीनमध्ये सोडतात त्या तर मोबाईलपेक्षाही कमी ताकदीच्या असतात.