दत्ताची कुत्री आणि तुराट्यांचा ढीग

प्रश्न : आमचं गाव दारव्हा तालुक्यात. दत्तजयंतीच्या आठवड्यात आमच्या गोठ्यामागे, मागच्या सालच्या तुराट्यांच्या ढिगाखाली एका कुत्रीनं पाच पिल्लं घातली. शेजारचा सहा वर्षांचा मुलगा पिल्लू उचलायला गेला, तर ती त्याच्या पोटरीला चावली. त्याला सुया सुरू आहेत. आता गावात ठरतंय की सगळी कुत्री गाडीत भरून जंगलात सोडून यायची. सासूबाई रोज पहिली भाकर कुत्र्याला टाकतात. त्या म्हणतात, ‘कुत्रं दत्ताचं असते, त्याले हाकलू नये.’ शेजारीण म्हणते, ‘तुमच्या भाकरीनंच हे माजले.’ धर्म काय म्हणतो आणि आम्ही करावं काय? शिवाय एका काळ्या कुत्र्याला खाज झाली आहे. दीर म्हणतात, जळालेलं ऑइल लावू. लावावं का?
– एक सून

उत्तर : ताई, आधी त्या लेकराचं. सुया सुरू आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. सरकारी दवाखान्यात ही रेबीजची लस कातडीत देतात, तेव्हा पहिल्या दिवशी, मग 3ऱ्या, 7व्या आणि 28व्या दिवशी जावं लागतं. 28व्या दिवसाची सुई लोक हमखास सोडतात, कारण तोवर जखम भरलेली असते. ती सोडू देऊ नका. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं सिरम वेगळं असतं. ते दिलं की नाही, हे त्याच्या आईला दवाखान्यात विचारायला सांगा.

मी ढोरांच्या दवाखान्यात तीस वर्षं पशुधन पर्यवेक्षक होतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. एका गुराख्याची गाय तपासायला गेलो होतो. त्याच्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं. मी पाहिलं, पण विचारलं नाही. कुत्रं चावलं म्हणून त्यानं जखमेत तिखट भरलं होतं, हे मला दीड महिन्यानं कळलं, तेव्हा त्याला पाण्याचा पेला तोंडाशी नेता येत नव्हता. तिथून माणूस परत येत नाही. त्या दिवशी नळाखाली साबणानं 15 मिनिटं जखम धुतली असती आणि सुया घेतल्या असत्या तर तो वाचू शकला असता. तेव्हापासून कुणाच्याही हातापायाला फडकं दिसलं की मी विचारतो.

आता सासूबाईंचं. मी कारंजा लाडच्या बाजूचा, नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावचा. आमच्याकडे घरोघरी दत्ताची तसबीर असते. मागे गाय, पायाशी चार कुत्री. ते चार वेद, असं आम्हाला लहानपणीच सांगितलं जायचं. पण शास्त्रात कुत्र्याला अपवित्रही म्हटलं आहे, हे लपवण्यात अर्थ नाही. महाभारतात इंद्र युधिष्ठिराला नेमकं हेच सांगतो की स्वर्गात कुत्र्याला जागा नाही, त्याला सोड आणि रथात बस. युधिष्ठिर म्हणतो, आपल्या भरवशावर आलेल्याला मी टाकणार नाही. गाडीत भरून जंगलात सोडायचं म्हणणाऱ्यांना पारावर ही गोष्ट सांगा. तुमच्या भागात बिबट्या आहे. गावातलं कुत्रं तिथं किती दिवस जगेल, हे त्यांनाही माहीत आहे.

आणि सोडून काही साधतही नाही. उकिरडा आणि मेलेली ढोरं टाकायची जागा तिथंच राहते, मग दुसरीकडची कुत्री येतात. त्यांना ना सुई दिलेली असते, ना ती कुणाच्या ओळखीची.

शेजारीण म्हणते ते सगळंच खोटं नाही. भाकर कुठंही, केव्हाही टाकली की कुत्री दारात भांडतात आणि लेकरं मधे सापडतात. पण वैश्वदेवात कुत्र्याचा घास रोजचा होता, आपल्या जेवणाच्या आधीचा, ठरलेला. त्या ठरलेपणाचा उपयोग मला एका म्हातारीनं दाखवला. रोज दिवेलागणीला ती एकाच फरशीवर ज्वारीच्या भाकरीचा कुटका ठेवायची आणि कुत्रं खाताना त्याच्या मानेवर हात फिरवायची. कुत्र्यांना रेबीजची सुई द्यायला आम्ही जाळी घेऊन दिवसभर गावात पळालो, सहा कुत्री हाती लागली. म्हातारीच्या फरशीपाशी मी तिच्या मागे उकिडवा बसलो, तिनं मानेची कातडी चिमटीत धरली, मी सुई दिली. कुत्र्यानं खाणं थांबवलं नाही. एका संध्याकाळी अशी चार झाली. सासूबाईंना सांगा, भाकर सोडू नका. फक्त जागा आणि वेळ एक ठेवा, लेकरांच्या खेळण्यापासून लांब, आणि मानेवर हात फिरवत जा.

ती आई मात्र आता छेडू नका. ती माजलेली नाही, पिल्लांवर बसलेली आहे. ढिगाभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण करा, म्हणजे लेकरं जाणार नाहीत. पाणी आणि भाकर कुंपणाशी ठेवा. चावल्यापासून 10 दिवस तिच्यावर नजर ठेवा. मलूल झाली, लाळ गळू लागली किंवा मेली तर लगेच दवाखान्यात कळवा. ती धडधाकट राहिली तरी लेकराच्या सुयांचं डॉक्टरच ठरवतील, आपल्या मनानं सुया बंद करू नका.

ग्रामसभेत अर्ज द्या. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि लसीकरण हे स्थानिक संस्थेचं काम आहे, आणि त्यात ग्रामपंचायतही येते. ऑपरेशन करून कुत्रं उचललं तिथंच सोडायचं असतं. दूध पाजणाऱ्या कुत्रीला नेऊ देऊ नका, पिल्लांचं दूध सुटलं की न्या. कुणी विषाची भाषा केली तर भारतीय न्याय संहितेचं कलम 325 सांगा, 5 वर्षांपर्यंत कैद आहे.

काळ्या कुत्र्याला ऑइल अजिबात लावू नका. कातडी भाजते, आणि ते चाटून विष पोटात जातं. खाजेचं औषध ढोरांच्या दवाखान्यात वजनाप्रमाणे मिळतं, कुत्र्याचं अंदाजे वजन सांगा. तोवर त्याला पिल्लांपासून लांब खाऊ घाला.

पिल्लांची पहिली रेबीजची सुई तीन महिन्यांची झाली की. दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेला, होळी फाल्गुन पौर्णिमेला. तुमची पाचही पिल्लं होळीला तीन महिन्यांची होतील. त्या आठवड्यात टोपलीत घालून दवाखान्यात न्या, आणि जमलं तर तोवर सवय लागलेली आईही सोबत न्या.