टू-प्लाय म्हणजे दुपेडी, 'द्विस्तरीय' नाही

अंबड एमआयडीसीत हातमोज्यांच्या कामावर असलेल्या एका ताईंनी विचारलंय की कामगारांसाठी मराठीत माहितीपत्रक करायचंय, मोजे केवलार या मजबूत कृत्रिम तंतूच्या टू-प्लाय यार्नचे, म्हणजे दोन धागे एकत्र पिळून केलेल्या सुताचे आहेत, तर 'द्विस्तरीय धागा' लिहिलं तर चालेल का, आणि टू-प्लाय म्हणजे दुप्पट मजबूत असं लिहू का.

नाही चालणार. हे 'स्तरीय' मी इतक्या वेळा ऐकलंय की आता डोकंच उठतं. थर प्लायवूडला असतात, कांद्याला असतात, सुतात कुठे काही एकावर एक रचलेलं असतं? वेणी घालताना तीन पेड म्हणतो, दोरखंडाचेही पेडच, मग टू-प्लाय ते दुपेडी आणि थ्री-प्लाय ते तिपेडी. काहीजण 'दुपदरी' सुचवतात, पण दुपदरी मंगळसूत्राचे पदर नुसते शेजारी शेजारी असतात, एकमेकांत पिळलेले नसतात, म्हणून पेडच बरा.

पण खरी गंमत पेडात नाही, पिळात आहे. शब्दांवर नेहमी लिहिणाऱ्या एका जाणकारांनी 'पीळ' हा इंग्रजी 'प्लाय'वरूनच आला असं ठोकून दिलंय आणि लोक ते पुढे पाठवतायत. साफ चूक आहे हो! प्लायचं मूळ लॅटिन 'प्लिकारे', म्हणजे घडी घालणे. आपला पीळ संस्कृत 'पीड्' धातूचा, पीड् म्हणजे दाबणे, पालीत 'पीळेति' झालं आणि मराठीत पिळणे. भर्तृहरीच्या नीतिशतकात वाळूतून तेल काढणारा माणूस 'पीडयन्' आहे, म्हणजे शब्दशः पिळतोय, आणि वामनपंडितांनी मराठीत आणताना तिथे 'रगडिता' केलं याची मला अजून हळहळ वाटते. पीडा, पिळवणूक, पोटातला पीळ, सगळी एकाच घरातली मंडळी.

आता बघा, पीळ म्हणजे मुळात दाब, आणि सुतात पीळ करतो काय तर दाबच देतो! मोज्यांसाठी बऱ्याचदा केवलारचे आखूड तंतू कातून सूत करतात, त्यांना एकत्र धरायला ना गोंद ना गाठ, ओढलं की पिळामुळे ते एकमेकांवर दाबले जातात, घर्षण वाढतं, म्हणून निसटत नाहीत. मग असे दोन पेड उलट दिशेने पिळतात, एकेरी सूत उजवीकडे पिळलेलं असेल तर दुपेडी डावीकडे, म्हणजे दोन्ही पीळ एकमेकांना तोलून धरतात आणि मोजा विणताना सूत स्वतःभोवती वेटोळी घेत नाही. येवल्यात पैठणीच्या रेशमावर काम करणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागणार नाही. पण पीळ अति झाला तर तंतू ओढीच्या दिशेला तिरपे पडतात आणि ताकद उलट कमी होते, केवलारलाही हे चुकलेलं नाही.

आणि 'सुंभ जळाला तरी पीळ जात नाही' ही म्हण केवलारला काय चपखल बसते! १९६५ साली ड्यूपाँटमध्ये स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून आलेला हा अरामिड जातीचा तंतू आचेवर वितळत नाही, फार तापला तर कोळसतो. डायनीमा या दुसऱ्या कृत्रिम तंतूचं तसं नाही, तो कापायला चिवट आणि पाण्यावर तरंगेल इतका हलका, पण १५० अंश सेल्सियसच्या आसपास वितळतो, म्हणजे तिथे पीळही गेला आणि सुंभही. मोजे डायनीमाचेही घेणार असाल तर पत्रकात हे आधी घाला, गरम पत्रा उचलणाऱ्याला व्युत्पत्तीपेक्षा याचा उपयोग जास्त.

हां, दुप्पट मजबूत. एका पेडाशी तुलना केली तर साधारण दुप्पट, कारण सूतच दुप्पट जाड झालं. पण तेवढ्याच जाडीच्या एकेरी सुताशी तुलना करा, मग दुप्पट म्हणता येत नाही. तिथे फायदा सारखेपणाचा, एका पेडात बारीक पडलेली जागा दुसऱ्यातल्या जाड जागेशेजारी येऊन झाकली जाते. म्हणून 'दुप्पट मजबूत' नका लिहू, 'दुपेडी सूत, जास्त एकसारखं आणि टिकाऊ' एवढं लिहा.